वास गेला, विषय संपला नाही

‘वास गेला ना? मग झालं!’ घरातल्या हवेविषयीचं आपलं सगळं शहाणपण या एका वाक्यात येऊन थांबतं. फ्लॅटला नवा रंग दिला, चार दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, वास गेला, झालं. आधीचा भाडेकरू सिगारेटी ओढायचा, तो गेला, पंखे लावून घर दिवसभर मोकळं ठेवलं, झालं. रात्री तळोजे औद्योगिक वसाहतीकडून घशाला झोंबणारा वास आला, पहाटे वारा फिरला आणि तो विरला, झालं. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर इथल्या सोसायट्यांच्या सभांत हे वाक्य ऐकू येतं. इस्टेट एजंट ते ऐकवतो, फर्निचर करून देणारा कंत्राटदार ऐकवतो आणि तक्रारीची चौकशी करायला आलेला माणूसही निघताना तेच बोलून जातो.

मला या वाक्याचा राग येतो. ऐकायला ते समंजस वाटतं, आणि आहे साफ चुकीचं. त्या चुकीची झळ बसते ती फरशीवर रांगणाऱ्या पोराला, दिवसभर घरात असलेल्या आजीला, बाळंतिणीला आणि चार घरच्या लाद्या पुसणाऱ्या बाईला. ज्यांच्या तोंडी हे वाक्य असतं ते बहुतेक वेळा सकाळी घराबाहेर पडतात आणि रात्री परततात.

चुकीचं मूळ असं, की आपण घराला हवेने भरलेली रिकामी खोली समजतो. हवा बदलली की खोली स्वच्छ. पण घर रिकामं कधीच नसतं. भिंती, छत, पडदे, गाद्या, उशा, कपाटं, पुस्तकं, ओट्यामागच्या टाइल्सवरचा चिकट थर, पलंगाखालची धूळ या सगळ्यांची त्या हवेशी अखंड देवाणघेवाण चालू असते. हवेत एखाद्या पदार्थाचं प्रमाण वाढलं की हे पृष्ठभाग तो आत घेतात, प्रमाण घटलं की परत सोडतात. वास हवेत असतो तितकाच, किंबहुना त्याहून कितीतरी जास्त, भिंतीत आणि कापडात मुरलेला असतो.

याचा पुरावा कोणी मागेल, आणि मागायलाच हवा. २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या एका चाचणीघरात ‘होमकेम’ नावाचा मोठा प्रयोग झाला. डेल्फिन फार्मर आणि मरिना व्हान्स या दोघींनी त्याचं नेतृत्व केलं. घरात माणसांनी खराखुरा स्वयंपाक केला, भाज्या परतल्या, फरशी पुसली, आणि भोवती लावलेली यंत्रं हवेतला एकेक पदार्थ मोजत राहिली. मधेमधे दारं-खिडक्या उघडून घर मोकळं केलं जाई. उघडल्यावर हवेतली रसायनं झपाट्याने खाली येत. इथपर्यंत सगळं आपल्या समजुतीप्रमाणेच. पण दारं लावली, की थोड्याच वेळात त्यातल्या अनेक पदार्थांचं प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे चढू लागे. तोवर घरात नवं काही शिजलेलं नव्हतं, काही जळलेलं नव्हतं. ते पदार्थ भिंतींतून, फर्निचरवरून, फरशीवरून परत येत होते. टोरांटो विद्यापीठातल्या चेन वांग, जोनाथन अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा एकूण अर्थ असा, की घरातल्या पुष्कळ पदार्थांचा मुख्य साठा पृष्ठभागांत असतो आणि हवेत दिसतो तो त्या साठ्याचा छोटासा अंश.

हा अंश किती छोटा असू शकतो, ते आपल्याच घराचा हिशेब मांडून पाहू. पनवेलमधला साधारण ५५ चौरस मीटर चटई क्षेत्राचा टू बीएचके घेतला आणि छताची उंची पावणेतीन मीटर धरली, तर आत सुमारे १५० घनमीटर हवा मावते. तिचं वजन १८० किलोच्या आसपास. उलट भिंती, छत, फरशी, कपाटांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू असे सगळे पृष्ठभाग मोजले तर चारशे चौरस मीटर सहज भरतात. त्यामागचा गिलावा, पुट्टी, रंग, प्लायवूड, कापूस यांचं वजन टनांत जातं. आता समजा, एखाद्या पदार्थाच्या १०० भागांपैकी ९९ पृष्ठभागांत आहेत आणि १ हवेत. घरातली सगळी हवा एकदा बदलली की गेला फक्त १ भाग. उरलेल्यातून भिंती पुन्हा तेवढाच वाटा हवेत सोडणार. अशी ५० वेळा हवा बदलली, तरी निम्म्याहून जास्त पदार्थ घरातच राहतो. शिवाय गिलाव्याच्या आत शिरलेलं काही इतक्या तत्परतेने बाहेर येत नाही, त्यामुळे खरा काळ याहूनही लांबतो.

प्रत्येक रसायन असं वागत नाही, हेही सांगायला हवं. कार्बन मोनॉक्साइड भिंतीत मुरत नाही. हवा खेळती केली की तो जातो. बेंझीन, टोल्युइन यांसारखी हलकी द्रावकं मुख्यतः हवेत राहतात आणि तासांच्या हिशेबात निघून जातात. पण निकोटीन, नॅप्थलीन, फिनॉलच्या जातीची संयुगं, प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट, स्वयंपाकाच्या धुरातली जड आम्लं हे सगळे अर्धबाष्पशील पदार्थ पृष्ठभागाला घट्ट धरून बसतात. रोजच्या वावरात काचेवर, टाइल्सवर, दारावर डोळ्याला न दिसणारा सेंद्रिय थर साचतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर इतकीच भरते, तरी तो या पदार्थांना विरघळवून धरून ठेवतो. काच, टाइल, स्टील यांच्यासारख्या गुळगुळीत, घट्ट वस्तूंवर हा साठा वरवरचा असतो आणि पुसता येतो. रंग, गिलावा, लाकूड, कापड यांच्यात तो खोलवर जातो.

त्यात आपण कोकणात राहतो. पनवेलला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींना हात लावला की गार ओल जाणवते. अमोनिया, अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक आम्ल, नायट्रस आम्ल असे पाण्यात विरघळणारे वायू ओलसर भिंतीत आणखी सहज शिरतात. ते कधी बाहेर येतील हे त्या ओलाव्याच्या आम्लतेवर ठरतं. होमकेमच्या घरात व्हिनेगरने फरशी पुसली तेव्हा पृष्ठभागांतून वेगळी आम्लं हवेत आली आणि हवेतला अमोनिया घटला. म्हणजे आज पुसायला काय वापरलं, त्यावर काल मुरलेलं काय बाहेर पडेल हे ठरतं. पावसाळ्यात बंद घरात एक विशिष्ट कोंदट वास येतो आणि आपण तो बुरशीच्या नावावर टाकून मोकळे होतो. त्यात बुरशी असतेच, पण घराने वर्षभर साठवलेलंही त्यात असतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. ‘भिंती वायू शोषून घेतात म्हणजे त्या हवा स्वच्छच करतात की! मग तक्रार कसली?’ काही वायूंच्या बाबतीत हे खरं आहे. बाहेरून येणारा ओझोन भिंतीवर, कातडीवर, कापडावर आदळून नष्ट होतो. म्हणूनच घरात तो बाहेरपेक्षा कमी असतो. पण नष्ट होताना तो काय बनवतो ते पाहा. माणसाच्या त्वचेतलं तेल उशीवर, सोफ्यावर लागलेलं असतं. ओझोन त्याच्याशी अभिक्रिया करून अल्डिहाइड आणि कीटोन हवेत सोडतो. लिंबाच्या वासाचं फ्लोअर क्लीनर वापरलं असेल तर त्यातल्या लिमोनिनपासून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. गॅसच्या शेगडीतून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडपासून ओलसर पृष्ठभागावर नायट्रस आम्ल बनतं. भिंतीवर आधी निकोटीन मुरलेलं असेल, तर हे आम्ल त्याच्याशी संयोग पावून तंबाखूतलीच कुप्रसिद्ध कर्ककारक नायट्रोसामाइन तयार करतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या गटाने २०१० मध्ये हे दाखवून दिलं. भिंत पदार्थ घेते तेव्हा तो संपतोच असं नाही. कधी तो तसाच राहतो, कधी आधीपेक्षा वाईट होऊन बाहेर येतो.

सिगारेटचाच विषय निघालाय, तर भाड्याच्या घरांकडे येतो. पनवेल-कामोठे-खारघरची अर्धीअधिक वस्ती अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर फिरती असल्यासारखी वाटते. एक कुटुंब जातं, आठ-पंधरा दिवसांत दुसरं येतं. मधे एक हात रंग लागतो, कधी तोही नाही. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोचे जॉर्ज मॅट आणि सहकारी यांनी नेमका हाच प्रसंग अभ्यासला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. धूम्रपान करणारी कुटुंबं घर सोडून गेली, घरं सरासरी दोन महिने रिकामी राहिली, साफसफाई झाली, काहींना रंगही लागला आणि मग धूम्रपान न करणारी कुटुंबं राहायला आली. तरीही त्या घरांच्या पृष्ठभागांवर, धुळीत, नव्या रहिवाशांच्या बोटांवर निकोटीन सापडलं. कधीच धूम्रपान न झालेल्या घरांपेक्षा ते कितीतरी जास्त होतं, आणि त्या घरांतल्या लहान मुलांच्या लघवीतही त्याची खूण होती. ‘तो भाडेकरू गेला’ असं एजंट सांगतो ते खरं असतं. त्याने ओढलेलं मात्र तिथेच असतं. सिगारेट कधी हाती न घेतलेली आई त्याच भिंतीला पाठ लावून बाळाला दूध पाजते.

डांबराच्या गोळ्यांचा धोका तर वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि तरी आपण त्याकडे पाहत नाही. ट्रंकेत, कपाटात या गोळ्या टाकतो. त्यातलं नॅप्थलीन हळूहळू उडून कपड्यांत शिरतं. मग बाळ येतं. आजीच्या मऊ सुती साडीची दुपटी, जुनी झबली, गोधडी ट्रंकेतून निघतात आणि न धुताच बाळाला गुंडाळली जातात. ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते, त्याच्या तांबड्या पेशी या नॅप्थलीनमुळे फुटतात. रक्त उतरतं, तीव्र कावीळ होते. गोळी बाळाने तोंडात घातलेली नसते, पाहिलेलीही नसते. कापडाने घेतलं आणि कातडीला व श्वासाला दिलं, एवढंच घडलेलं असतं. ही दुपटी आधी गरम पाण्यात धुऊन, बाहेर उन्हावाऱ्यात पुरती वाळवून मगच वापरायची, हे प्रत्येक प्रसूतिगृहातून घरी जाताना सांगितलं पाहिजे.

डास आहेत म्हणून कॉइल लागतेच, हे मला समजतं. खाडीकाठच्या आमच्या भागात डास फार. पण एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आणि फॉर्माल्डिहाइड ५१ सिगारेटींपर्यंत भरू शकतं, हे चिनी आणि मलेशियन कॉइलींवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. सकाळी खिडकी उघडली की धूर जातो. गादी, उशी, पडदा तिथेच असतात, आणि पुढच्या रात्री त्याच उशीवर नाक टेकून मूल झोपतं. जाळीची खिडकी आणि मच्छरदाणी यांचा खर्च या हिशेबात मांडला तर तो महाग वाटणार नाही.

‘पण आम्हाला आता वास येत नाही’ याचं उत्तर सोपं आहे: नाक हे मोजमापाचं साधन नाही. एकाच वासात काही मिनिटं बसलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. हायड्रोजन सल्फाइड तर प्रमाण वाढलं की गंधज्ञानच बधिर करतो. वास थांबला म्हणून सुटलो असं वाटतं तेव्हा तो जास्त घातक झालेला असतो. थॅलेटना वास नसल्यातच जमा. वास गेला म्हणजे एवढंच कळतं, की नाकाला आता काही कळत नाही.

आता बाजारातल्या उत्तरांकडे. एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण पकडतो आणि ते काम तो चांगलं करतो; दमेकऱ्याच्या खोलीत त्याचा उपयोग आहे. वायूंसाठी त्यात कार्बनचा थर असतो, तो बहुतेक घरगुती यंत्रांत पातळ असतो आणि लवकर भरतो. भरला नाही तरी तो झुंजतो हवेतल्या त्या एका भागाशी. भिंतीतले ९९ भाग मागे उभे असतात. यंत्र बंद केलं की ते पुढे येतात. कुंड्यांतली झाडं हा दुसरा आवडता उपाय. त्यामागे ‘नासा’चा १९८९ चा अहवाल दाखवतात, तो प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी अशा प्रयोगांची एकत्र छाननी केली. साध्या वायुवीजनाइतका परिणाम झाडांकडून मिळवायचा तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांच्या हिशेबात निघालं. झाडं जरूर लावा, हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली विकू नका. रूम फ्रेशनर आणि सुगंधी मेणबत्त्या तर साठ्यात भरच घालतात. उदबत्ती-धूप हा श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मला वाद घालायचा नाही. एक उदबत्ती आणि उघडी खिडकी पुरते. बंद खोलीत तासभर धूप कोंडून ‘वातावरण शुद्ध केलं’ असं मात्र म्हणू नये.

फर्निचरबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण पनवेल परिसरात दरवर्षी हजारो कुटुंबं नव्या घरात राहायला येतात आणि पझेशन मिळताच सुतार घरात शिरतो. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि स्वस्त एमआर प्लाय यांचे थर बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकाने चिकटवलेले असतात. हा डिंक उष्णतेने आणि दमट हवेने हळूहळू विघटित होतो आणि फॉर्माल्डिहाइड सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. सुरुवातीचे महिने तो जोरात सुटतो, नंतर घटतो. पण पुढची काही वर्षं प्रत्येक पावसाळ्यात, प्रत्येक मे महिन्यात थोडा थोडा येतच राहतो. लॅमिनेटने झाकलेली बाजू तो कमी सोडते. ट्रॉलीच्या आत, पलंगाच्या कप्प्यांत, कपाटामागे न झाकलेल्या कडा तशाच असतात. बीडब्ल्यूपी प्रतीच्या प्लायमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड डिंक असतो, तो दमटपणात टिकतो आणि वायू कितीतरी कमी सोडतो. सुतार हा फरक पाण्याच्या भाषेत सांगतो, ‘हा फुगत नाही’. गिऱ्हाइकाला श्वासाच्या भाषेत कोणीच सांगत नाही. बाळ येणार म्हणून आठव्या महिन्यात नवं कपाट, नवा पलंग, नवा रंग असा घाट घालू नये. करायचंच असेल तर चार-सहा महिने आधी, कडा बंद करून, उन्हाळ्याच्या उकाड्यात खिडक्या उघड्या ठेवून घर तापू द्यावं.

‘आम्ही लो-व्हीओसी रंग वापरला’ हेही पुरेसं उत्तर नाही. तो रंग चांगला, घ्यावाच. पण युरोपीय नियमांत २५० अंश सेल्सिअसच्या वर उकळणारे पदार्थ व्हीओसीच्या, म्हणजे बाष्पशील सेंद्रिय संयुगांच्या, व्याख्येत बसत नाहीत. रंगाचा थर एकजीव करणारे काही पदार्थ नेमके त्या रेषेच्या पलीकडे असतात आणि आठवडेच्या आठवडे सुटत राहतात. शिवाय डब्यावरचं लेबल रंगाने काय सोडलं ते सांगतं. भिंतीवर बसल्यावर तो रंग घरातलं काय काय आत घेईल हे सांगत नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल, आमचे जुने वाडेच बरे, मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, हवा कशी शुद्ध! जुन्या पनवेलच्या वाड्यांवर माझंही प्रेम आहे, पण या स्मरणरंजनाला मी हरकत घेणार. त्या वाड्यांच्या स्वयंपाकघरांच्या तुळया काजळीने काळ्याकुट्ट होत्या. चुलीसमोर बसलेल्या बायकांचे डोळे आणि छाती त्या शुद्ध हवेची साक्ष देत होती. भिंत मातीची असली तरी धूर तिच्यात मुरतोच. जुन्या घरातून घेण्यासारखं काही असेल तर ते वेगळंच आहे: नवरात्राआधी घरातलं झाडून सगळं कापड बाहेर काढून धुण्याची, गोधड्या नदीवर नेऊन आपटण्याची, गाद्या उन्हात टाकण्याची आणि दिवाळीआधी भिंती झाडून पुसण्याची रीत. ती वेगळ्या कारणांनी पडली असेल, पण पृष्ठभागांतला साठा कमी करण्याचा तोच खरा मार्ग आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या गेथर्सबर्ग इथल्या एका चाचणीघरात लाकडाचा धूर सोडून संशोधकांनी वेगवेगळे उपाय तपासले. हवा बदलणं आणि कार्बनवालं यंत्र चालवणं यांनी आकडे तेवढ्यापुरते खाली आले आणि मग परत चढले. व्हॅक्यूम, धूळ पुसणं आणि फरशी पुसणं यांनी मात्र ते टिकून घटले. कारण तेव्हा साठ्यालाच हात लागला होता.

फक्त ही रीत कोणाच्या हातांवर उभी आहे तेही पाहा. लादी पुसणारी, पडदे बुडवणारी, कोरडा झाडू मारून उडालेली धूळ गिळणारी बहुतेक घरांत बाईच असते, आणि बहुतेक सोसायट्यांत ती बाहेरून येते. कोरडा झाडू बसलेली धूळ आणि तिच्यातले थॅलेट पुन्हा हवेत उडवतो. ओलं फडकं ते पकडून बाहेर नेतं. म्हणून आधी ओलं पुसावं, साध्या साबणाच्या पाण्याने पुसावं, खिडकी उघडून पुसावं. तीव्र वासाचं फिनेल ओतून बंद घरात तिला राबवणं हा तिच्या फुप्फुसांवरचा अन्याय आहे. आणि एवढं करूनही खिडक्या उघड्या ठेवायच्याच. माझं म्हणणं वायुवीजनाविरुद्ध मुळीच नाही. पंधरा मिनिटं उघडली म्हणून काम झालं, या समजुतीविरुद्ध आहे. साठा भरायला महिने लागले असतील, तर रिकामा व्हायलाही तास, आठवडे आणि हंगाम लागणार. आणि भरणारा नळ आधी बंद करावा लागणार.

घरातला नळ आपण बंद करू. घराबाहेरचा कोणी बंद करायचा? ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून आले. कारखान्यातला रंग त्यांच्या केसांवर बसला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशनने खारघरमध्ये रस्त्यावर कृत्रिम फुप्फुसं उभारली; फिल्टरच्या पांढऱ्या कापडाची ती फुप्फुसं पंख्याने हवा ओढत होती आणि थोड्याच दिवसांत काळवंडली. दोन्ही वेळा लोकांनी विश्वास ठेवला, कारण पृष्ठभागावर बसलेलं डोळ्यांनी दिसलं. तीच हवा ज्या घरांत शिरते तिथले पडदे, गाद्या, भिंतीही ती घेतच असतात. रंग बदलत नाही एवढंच.

आणि आपली यंत्रणा मोजते काय? नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत. कळंबोलीत आणि तोंडरे-तळोज्यात मंडळाची स्वयंचलित यंत्रं आहेत, ती बाहेरची हवा मोजतात. त्यांचे आकडे उपयोगी आहेत, मी रोज पाहतो. पण कण, गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, ओझोन, अमोनिया, बेंझीन, काही धातू अशा त्या यादीत रात्री दोनला घसा जाळणारी बहुतेक द्रावकं, अमाइन, फिनॉल, मर्कॅप्टन येतच नाहीत. जी येतात त्यांचीही बरीचशी मानकं २४ तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर. तासाभराचा झोत त्या सरासरीत बुडून जातो. घरातल्या हवेसाठी तर आपल्या देशात कायद्याने बंधनकारक असं मानकच नाही. माणूस दिवसाचा बहुतेक वेळ जिथे श्वास घेतो ती जागा मोजमापाबाहेर, आणि मग सांगायचं की ‘काही आढळलं नाही’.

लोकांना उगाच घाबरवू नका, असंही मला सांगितलं जाईल. घाबरवायचं असतं तर मी प्रत्येक वासाला विष म्हटलं असतं. मी मोजायला सांगतोय. रात्री वासाची तक्रार आली की दुसऱ्या सकाळी नाक्यावर उभं राहून हवा हुंगण्याला चौकशी म्हणू नये. खारघरच्या, तळोज्याच्या, कळंबोलीच्या काही घरांत कुटुंबांच्या संमतीने वर्षभर निष्क्रिय, म्हणजे पंपाशिवाय हवेतले पदार्थ टिपणाऱ्या, नमुनापट्ट्या टांगाव्यात. खिडकीच्या चौकटीवरून आणि टाइल्सवरून पुसून नमुने घ्यावेत. झोताच्या रात्रीनंतर पडद्याचा तुकडा काचेच्या बंद बाटलीत भरून गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवावा. वसाहतीपासून दूर, कर्नाळ्याच्या बाजूच्या गावातल्या तशाच घरांशी ते ताडून पाहावेत. यातलं कुठलंच तंत्र नवं नाही. हलके वायू उडून गेलेले असतील, पण फिनॉल, अमाइन आणि जड क्लोरीनयुक्त संयुगं कापडात तेव्हाही सापडू शकतात, आणि कोणत्या कारखान्यात काय बनतं याची नोंद परवान्यांत आधीपासून आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. २०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे, तिचा आरोग्य विभाग आहे, आसपास रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. पहिली वीस घरं निवडायला आणि येत्या पावसाळ्याआधी पट्ट्या लावायला एवढं पुरतं.